सहा होरपळले, सातवी निखारा घेऊन आली

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी लोकांच्या गोष्टीत जगाच्या आरंभी विस्तव नव्हता. वर राहणाऱ्या गडगडाटांनी वीज पाडली आणि एका बेटावरच्या पोकळ सायकामोर झाडाच्या बुंध्यात आग ठेवून दिली. शेंड्यातून निघणारा धूर किनाऱ्यावरच्या प्राण्यांना दिसत होता, पण मध्ये पाणी होतं. सभा भरली. पहिला उठला डोमकावळा. तो झाडावर जाऊन बसला आणि आता पुढे काय करावं या विचारात असतानाच धगीने त्याची सगळी पिसं काळी झाली. मग छोटं घुबड गेलं. त्याने पोकळीत डोकावून पाहिलं, खालून गरम वाफारा आला, डोळे कायमचे लाल झाले. त्यानंतर घुत्कारणारं घुबड आणि शिंगळं घुबड. तोवर आग इतकी भडकली होती की धुराने त्यांची दृष्टी जाता जाता राहिली, आणि वाऱ्यावर उडणाऱ्या राखेची पांढरी कडी डोळ्यांभोवती बसली ती बसलीच. पक्ष्यांनी नाद सोडला. छोटा काळा साप पोहून गेला, गवतातून सरपटत झाडाच्या बुडाशी एका भोकातून आत शिरला, तापल्या राखेवर आंधळ्यासारखा वळवळला आणि काळा होऊन बाहेर आला. अजूनही तो पळताना असाच उलटसुलट वळतो. मग मोठा चढणारा साप गेला. तो बाहेरून वर चढला, भोकात डोकं घातलं, धुराने घुसमटून आतच पडला.

पुन्हा सभा. आता प्रत्येकाकडे काही ना काही सबब होती. शेवटी पाणकोळी, म्हणजे पाण्यावरची कोळीण (त्या नावाचा पक्षी नव्हे), म्हणाली, मी जाते. काळ्या मऊ लवेची, अंगावर लाल पट्टे असलेली, पाण्यावर धावणारी आणि तळाशीही बुडी मारणारी. जाशील गं, पण आणशील कशात? तिने धागा काढला, विणून छोटी वाटी केली, पाठीवर बांधली. पाणी ओलांडलं, गवतातून झाडापाशी गेली, एक लहानसा निखारा वाटीत घेतला आणि परत आली.

गोष्ट एवढीच. पटावरचा खेळ रचणाऱ्याच्या नजरेने ती पुन्हा वाचली की वेगळंच काही दिसायला लागतं. नापास झालेल्या सहा जणांनी नेमकं काय केलं? पक्ष्यांनी सिद्ध केलं की वरून जाणं शक्य नाही. पहिल्या सापाने पाण्यातली आणि गवतातली वाट दाखवली, बुडाचं भोक शोधलं. दुसऱ्याने वरचं भोक पुन्हा एकदा बाद केलं. पाणकोळी सातवी गेली तेव्हा वाट ठाऊक होती. उरला होता फक्त भांड्याचा प्रश्न. गोष्ट तिचं कौतुक करते, पण आधीच्या सहांना हरलेले म्हणत नाही. त्यांना खूण देते. काळी पिसं, लाल डोळे, पांढरी कडी, वळवळती चाल. हे अपयशाचे डाग आहेत आणि तीच त्या प्राण्यांची ओळखही आहे.

निमसहकारी खेळाचं सगळं दुखणं आणि त्यावरचा उतारा या एका गोष्टीत आहे, असं माझं मत.

निमसहकारी म्हणजे काय, ते थोडक्यात. पूर्ण सहकारी खेळात सगळे भिडू मिळून पटाशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. स्पर्धेच्या खेळात एक जिंकतो. निमसहकारी खेळात सामायिक संकट टळलं नाही तर सगळेच बुडतात, पण टळलं तर प्रत्येकाची मोजणी वेगळी होते. ऐकायला हा प्रकार फार गोड वाटतो, कारण बहुतेक माणसांचं जगणं असंच असतं. सोसायटीची पाण्याची टाकी सगळ्यांची असते आणि नळ आपापला. खेळ म्हणून मात्र तो सहज फसतो, आणि फसण्याचं कारण दर वेळी एकच असतं. शेवटच्या टप्प्यात एका भिडूला कळतं की आपण पहिले येणं शक्य नाही. सगळे वाचले तर तो हरणार, सगळे बुडाले तर तो इतरांइतकाच हरणार. मग तो कशाला मदत करेल? तो हात आखडतो आणि दोन तासांचा डाव पाच मिनिटांत मातीत जातो. पुढे भांडण होतं ते याच्यावरच की तो नियमाने वागला की दुष्टपणाने. खरं म्हणजे तो नियमानेच वागलेला असतो. दोष नियमाचा असतो.

यावर नेहमीचे उपाय तीन. गुण झाकून ठेवायचे, म्हणजे मागे कोण आहे ते कळत नाही. पण चार डाव खेळलेल्या माणसाला मनातल्या मनात बेरीज येते. नियमपुस्तिकेत लिहायचं की सगळे बुडणं हे शेवटचं येण्यापेक्षा वाईट समजावं. ही विनंती झाली, तिला नियम म्हणता येत नाही. किंवा एक छुपा फितूर घालायचा, म्हणजे दुष्टपणाला अधिकृत जागा मिळते. फितुराचे खेळ रंगतात यात शंका नाही, पण चेरोकी प्राणीकथांत मला तो कुठे दिसत नाही. तिथला लबाड म्हणजे ससा, जिस्तू. त्याला सभा बुडवायची नसते. त्याला मिरवायचं असतं. ऑपॉसम या तिकडच्या प्राण्याला आपल्या झुपकेदार शेपटीचा फार गर्व, म्हणून ससा रातकिड्याला न्हावी म्हणून पाठवतो. रातकिडा शेपटीला लाल दोरी गुंडाळत गुंडाळत केस कापत जातो आणि नाचाच्या वेळी दोरी सुटते तेव्हा शेपटी बोडकी. हरणाशी शर्यत ठरली तेव्हा ससा झुडपात जाऊन वाट कुरतडून ठेवताना सापडला, आणि बक्षिसाची शिंगं हरणाला गेली. ससा-कासवाची शर्यतही आहे, फक्त आपल्याकडच्यासारखा ससा तिथे झोपत नाही. कासव चार डोंगरकड्यांवर आपल्यासारखीच दिसणारी भावकी बसवून ठेवतं. ससा प्रत्येक कड्यावर धापा टाकत पोहोचतो तर कासव आपलं पुढेच. चिकाटीचा धडा तिथे नाही. गोतावळ्याच्या जोरावर केलेली शुद्ध लबाडी आहे, आणि ऐकणारे हसतात कासवाच्याच बाजूने.

तेव्हा फितूर नको. या गोष्टींतूनच एक खेळ रचायचा, तर पहिली अट मी अशी घालेन: मागे पडलेल्या भिडूला जी खेळी उरते तीच सगळ्यांना वाचवणारी खेळी असली पाहिजे. बाकी सगळं या अटीतून निघतं. चार भिडूंसाठी मांडणी अशी.

पटावर एका बाजूला किनारा, मध्ये पाणी, पलीकडे बेट आणि झाड. वर सात रात्रींची पट्टी. चेरोकी परंपरेत चार आणि सात हे मानाचे आकडे आहेत: चार दिशा, सात कुळं, आणि सृष्टीच्या आरंभी प्राण्यांना आणि झाडांना जागं राहायला सांगितलं तेही सात रात्री. त्यामुळे रात्रींचा आकडा बदलायचा मोह झाला तरी सात सोडू नये. अवघडपणा कमी-जास्त करायचा तो दुसरीकडे करता येतो.

दर रात्री सभेची काठी ज्याच्या हातात असेल त्याने ठरवायचं, जायचं की सबब सांगायची. गेला तर दोन फासे टाकायचे. बेरीज बारा किंवा जास्त झाली की निखारा आला आणि डाव संपला. माहितीशिवाय पहिल्या रात्री बारा पडण्याची शक्यता ३६त १. म्हणजे डोमकावळा जवळजवळ नक्की होरपळणार, आणि ते बरोबरच आहे. अपयश आलं की भिडूला दोन गोष्टी मिळतात: एक खूण आणि माहितीची एक चकती. चकती सभेत ठेवली तर पुढच्या प्रत्येकाच्या फाशात एक मिळवायचा. स्वतःकडे दडवली तर तो एक फक्त त्याच्या स्वतःच्या पुढच्या प्रत्येक फाशात. सातव्या रात्रीपर्यंत निखारा आला नाही तर सगळे गारठले.

आता गणित. ज्यांना आकडे नकोत त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल, पण या खेळाची गोडी त्याच्यातच आहे.

दर रात्री कोणीतरी गेलं आणि प्रत्येकाने चकती सभेत ठेवली, तर लागणारी बेरीज दर रात्री एकने उतरते: १२, ११, १०, ९, ८, ७, ६. निखारा येण्याची शक्यता त्या क्रमाने ३६त १, ३, ६, १०, १५, २१ आणि २६. सातही रात्री फुकट जाण्याची शक्यता १००त चारहूनही कमी निघते. उलट चौघांनीही सगळं दडवलं तर पहिल्या चार रात्री प्रत्येकाला १२ हवेत, पुढच्या तीन रात्री ११. बुडण्याची शक्यता १००त ६९. आणि सगळ्यांत बोलका आकडा मधला आहे. तिघांनी वाटलं आणि पहिल्या एकट्यानेच दडवलं तर ती चारवरून अठरावर जाते. एक माणूस स्वार्थी निघाला तर लगेच आभाळ कोसळत नाही, पण फट दिसायला लागते. दुसऱ्यालाही वाटतं, तो दडवतो तर मी का नको? निमसहकारी खेळाला हीच उतरण हवी असते. कडा नको. कडा असला तर कोणी पाऊलच टाकत नाही आणि सपाटी असली तर कोणाला फिकीर नसते.

गुणांचा हिशोब याला जोडून. खुणेचे दोन. सभेत ठेवलेल्या चकतीचा एक, दडवलेल्या चकतीचे दोन. निखारा आणणाऱ्याला चार. निखारा आला आणि तुमचे चार गुण झाले असतील तर तुमचं नाव राहिलं, म्हणजे तुम्ही जिंकलात. एक भिडू जिंकेल, तीन जिंकतील, चौघेही जिंकतील. पहिला-दुसरा क्रमांक नाही. निखारा आला नाही तर कोणाचंच नाव नाही.

एकदा जाऊन भाजलेल्या आणि चकती दडवलेल्याचे चार होतात, म्हणजे त्याचं काम झालं, फक्त आता विस्तव यायला हवा. चकती वाटणाऱ्याचे तीन. त्याला एक गुण कमी पडतो. तो कुठून येणार? तिथे खडे येतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला नदीतला एक खडा. दुसरा कोणी निघाला असताना त्याच्यापुढे आपला खडा ठेवता येतो; त्याच्या बेरजेत एक वाढतो. एका फेकीला जास्तीत जास्त दोन खडे. निखारा आला तर खडा देणाऱ्याला एक गुण, नाही आला तर खडा नदीत. चेरोकी भाषेत गाडूगी असा शब्द आहे; गावाने मिळून एकमेकांचं शेत, घर, अडलेलं काम उरकायचं. आपल्याकडचा सावड किंवा इर्जिक हा शब्द त्याच्या फार जवळ जातो. खडा म्हणजे सावडीचा दिवस. दिला तर परत येईलच असं नाही, पण न देणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

सबब सांगणाऱ्यालाही काही द्यावं लागतं, नाहीतर ती सबब कोणी सांगणारच नाही आणि गोष्टीतली सभा उभी राहणार नाही. हातात खडा नसेल तर त्याला एक खडा मिळतो, आणि सशाच्या बारा पत्त्यांतला वरचा एक उलटतो. चार पत्ते शेपटीचे: ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याचा खडा गेला. तीन कुरतडलेल्या वाटेचे: पुढच्या फेकीत एक वाढतो, पण ती फसली तर चकती मिळत नाही, कारण लबाडीच्या वाटेने गेलेल्याला वाट कळलेली नसते. तीन डोंगरकड्यांचे: दोन भिडूंनी जागा बदलायच्या. दोन चुकलेल्या निरोपाचे: काठी उलट्या दिशेने फिरायला लागते, कारण सभेचा निरोप्या ससाच असतो. अशा रीतीने सशाला पोसतात त्या सबबी. एका रात्रीत चौघांनीही सबब सांगितली तर ती रात्र वाया. आणि सातव्या रात्री सबब नाही. ज्याच्या खुणा सर्वांत कमी तोच जाणार.

आता मागे पडलेला भिडू पाहा. तो मागे का आहे? कारण तो गेलेला नाही. त्याच्यापुढे गुण मिळवण्याचा मोठा रस्ता एकच, उठून जाणं. तो गेला तर एक तर निखारा येतो किंवा आणखी एक चकती मिळते. त्याने रागाने काहीही केलं तरी त्यात सगळ्यांचा फायदा असतो. हात आखडण्याची हौस येते ती उलट पुढे असलेल्याला, ज्याचे चार गुण कधीच झाले; आणि त्याला तर विस्तव यायलाच हवा आहे, नाहीतर त्याचे चार गुण बर्फात. दोन्ही टोकांना स्वार्थ आणि सभा एका रेषेत येतात. ओढाताण उरते ती मधल्या एका क्षणी, चकती मुठीत असताना. तिथे ती हवीच.

एवढं जमून आलेलं यंत्र कुठे बिघडतं, ते सांगणं जास्त महत्त्वाचं.

पहिली चूक निखाऱ्याला फार गुण देण्याची. साहजिक वाटतं, नायिका तीच ना. समजा चारऐवजी आठ दिले. पाच चकत्या सभेत असताना सहाव्या रात्री जाणाऱ्याच्या हाती सरासरी सहाच्या वर गुण पडतात; पहिल्या रात्री जाणाऱ्याच्या हाती जेमतेम चार. मग शहाणा माणूस पहिल्या रात्री कशाला उठेल? सगळेच शहाणे निघतात, पाच रात्री सबबीत जातात आणि सहावी उजाडते तेव्हा सभेत चकती एकही नसते. निखारा आणि दडवलेल्या चकतीसह खूण यांची किंमत सारखी ठेवली की कोणत्याही रात्री गेलं तरी हाती तेवढंच येतं. म्हणून चार.

दुसरी चूक खुणांना शक्ती देण्याची. लाल डोळ्यांनी हे दिसतं, वळवळत्या चालीने फासा परत टाकता येतो, वगैरे. पत्त्यांवर चित्र काढणाऱ्याला हे फार आवडतं. पण मग जो आधी गेला तो बळावत जातो आणि जो राहिला तो राहूनच जातो. जी दरी बुजवायची म्हणून इतका खटाटोप, तीच पुन्हा उघडते. गोष्टीतही भाजल्याने कोणाला शक्ती आलेली नाही. घुबडाला रात्री दिसतं ते दुसऱ्या कथेत, सात रात्री जागं राहिल्याबद्दल. खूण ही फक्त खूण असू द्यावी.

तिसरी चूक खडे साठू देण्याची. हातात एकापेक्षा जास्त खडे ठेवता आले तर माणसं सबबी सांगून खडे गोळा करतात आणि शेवटच्या फेकीची वाट पाहत बसतात. हातात एकच खडा, हा नियम सैल करू नये. आणि तिघे भिडू असताना खेळ सैल पडतो हेही खरं आहे: कोणीच काही वाटलं नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला जास्त फेऱ्या येतात आणि बुडण्याची शक्यता ५९वर उतरते. तिघांसाठी १२ऐवजी १३ लागतील असं करावं. मग सगळं दडवल्यास ती ८४वर जाते, सगळं वाटल्यास १३वर राहते. पाच जणांना १२च ठीक. दडवणाऱ्यांसाठी ती ७३ असते.

एक दुखणं मात्र आपोआप बरं होतं. पूर्ण सहकारी खेळात एखादा जाणकार भिडू सगळ्यांचे डाव स्वतःच खेळतो: तू इथे जा, तू ते टाक. इथे त्याच्या सल्ल्यात त्याचा एक गुण असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं ऐकतात, पण मान डोलावण्याआधी त्याच्या चकत्यांकडे एक नजर टाकतात.

विस्तवाची गोष्ट निवडली ती यशस्वी सभेची म्हणून. पण फसलेल्या सभेची गोष्टही त्या परंपरेत आहे आणि ती माझ्या मते अधिक खोल आहे. माणसं फार शिकार करू लागली म्हणून अस्वलांनी कुवोही डोंगराखाली सभा भरवली. माणसाच्या शस्त्राने माणसाशी लढायचं ठरलं. धनुष्याला दोरी हवी, म्हणून एका अस्वलाने आपली आतडी देण्यासाठी जीव दिला. धनुष्य झालं, पण नखं दोरीत अडकायला लागली. एकाने नखं कापली. बाण नीट बसला. तेव्हा म्हातारं पांढरं अस्वल म्हणालं, नखांशिवाय झाडावर कसे चढणार, एक तर मेलाच आहे, नखं कापली तर सगळेच उपाशी मरू. सभा मोडली. बलिदान फुकट गेलं, आणि तरी म्हाताऱ्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. यातून खेळ करणं अवघड आहे, कारण चांगला निर्णय आणि वाया गेलेला जीव दोन्ही एका डावात बसवावे लागतात. ज्यांना विस्तवाचा खेळ सरावाचा झाला त्यांनी हा दुसरा प्रवेश म्हणून करून पाहावा: तिसऱ्या रात्री सभेने मत देऊन मोहीम सोडली तरी प्रत्येकाच्या नखांचे दोन गुण शिल्लक, ज्याने आधी काही दिलं त्याचे मात्र शून्य. हा प्रवेश खेळून झाल्यावर बोलणं वाढतं, त्याची तयारी ठेवावी.

(कुवोही हे नाव नकाशावर परत आलं ते सप्टेंबर २०२४मध्ये. ग्रेट स्मोकी डोंगररांगेतलं ते सर्वांत उंच शिखर, ६,६४३ फूट. दीडशेहून अधिक वर्षं त्याला क्लिंगमन्स डोम म्हणत होते.)

त्याच कथेत पुढे लहान प्राण्यांची सभा भरते. सगळे माणसाविरुद्ध तक्रारी मांडत असतात; एकटी पट्टेरी खार माणसाची बाजू घेते, कारण ती इतकी लहान की माणूस तिला क्वचितच मारतो. बाकीचे चिडून तिच्यावर तुटून पडतात आणि पंजांचे ओरखडे तिच्या पाठीवर उमटतात. मराठी वाचक इथे थबकेल. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, मायेची. खारीचा वाटा म्हणजे छोटीशी मदत. तिथल्या खारीच्या पाठीवर सभेच्या विरोधात बोलल्याचे वळ आहेत. प्राणी तसाच, रेघा तशाच. पटावर ही खार घ्यायचीच असेल तर रामायण मनातून बाजूला ठेवून घ्यावी.

हे बाजूला ठेवणं कठीण जातं ते मुख्यतः चित्रांत. अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हटलं की पिसांचा मुकुट, कातडी तंबू, कोरीव उभा खांब एवढंच डोळ्यांपुढे येतं. तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, खांब वायव्य किनाऱ्यावरच्यांचा. चेरोकी डोंगरातल्या जंगलात, नदीकाठी, गावं करून शेती करणारे लोक. कुडाच्या भिंतींची घरं, पुढे लाकडी ओंडक्यांची. बोरूसारख्या नदीकाठच्या वेताच्या दुपदरी विणीच्या टोपल्या ही त्यांची ओळख. पटाची किनार काढायची तर त्या विणीवरून काढावी. सायकामोरची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खोड पांढरं-करडं चट्टेरी दिसतं, जुनी झाडं बुडाशी खरोखरच पोकळ होतात. वडाचं झाड काढू नये.

रंगांचंही तसंच. पूर्व लाल, उत्तर निळी, पश्चिम काळी, दक्षिण पांढरी. आणि लाल यशाचा, निळा संकटाचा, काळा मृत्यूचा, पांढरा सुखशांतीचा. सोंगट्यांना सवयीने लाल, निळा, काळा, पांढरा रंग दिला तर एक भिडू नकळत मृत्यू घेऊन बसतो. सोंगट्या लाकडाच्याच रंगाच्या ठेवून आकाराने वेगळ्या कराव्यात. रंगांधळ्या भिडूचीही सोय होते.

गोष्टी कोणाच्या, हाही प्रश्न आहे. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकन मानववंश-अभ्यासक जेम्स मूनी यांनी १८८७ ते १८९० या वर्षांत नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकींकडून उतरवून घेतल्या आणि १९०० साली अमेरिकन सरकारी अहवालात छापल्या. त्यांना सर्वाधिक गोष्टी सांगितल्या आयुनिनी यांनी. नावाचा अर्थ पोहणारा. हे लोक त्या डोंगरांत उरले होते, कारण १८३८-३९च्या सक्तीच्या स्थलांतरातून ते सुटले. सुमारे सोळा हजारांना ओक्लाहोमाकडे हाकललं गेलं आणि त्यांतले चार हजारांच्या आसपास मेले. आज चेरोकींची तीन मान्यताप्राप्त सरकारं आहेत, दोन ओक्लाहोमात, एक नॉर्थ कॅरोलायनात. १९०० सालच्या छापील मजकुरावर कायद्याने कोणाचा हक्क राहिलेला नाही, म्हणून घरी खेळायला हरकत नाही. विकायचं असेल तर चेरोकी चित्रकार आणि कथाकारांना सोबत घेऊनच, आणि प्राणीकथांपुरतंच. औषधाचे मंत्र, विधी, शुद्धीचे संस्कार पटावर येऊ नयेत. मूनी यांच्याच दुसऱ्या एका अहवालात ते छापलेले असले तरीही. पुठ्ठ्याच्या डब्यावर ‘चेरोकी खेळ’ असं लिहू नये. ‘चेरोकी गोष्टींवरून’ असं लिहावं.

नावं मात्र मूळ वापरावीत. सिक्वोया यांनी १८२१च्या सुमारास चेरोकी भाषेची लिपी पुरी केली. आज तिच्यात ८५ चिन्हं आहेत आणि एकट्या स्-चं चिन्ह सोडलं तर प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अक्षर, स्वरासकट. त्यामुळे देवनागरीत ही नावं फारशी अडखळत नाहीत: जिस्तू ससा, योना अस्वल, वाया लांडगा, सलोली खार, कनानेस्की अमायेही पाणकोळी. फरक एवढाच की आपण क-ला वेलांटी देऊन कि करतो. तिथे क आणि कि यांची चिन्हं एकमेकांना ओळखतही नाहीत.

बनवण्याचं सामान फार नाही. बाइंडिंगचा ३ मिमी पुठ्ठा, ४५ सेंमी चौरस, मधोमध घडीचा. कागद एकाच बाजूला चिकटवला तर पट रात्रीत वाटीसारखा वळतो, कारण ओला गोंद वाळताना कागद आखडतो आणि पुठ्ठ्याला ओढतो; दोन्ही बाजूंना तोच कागद त्याच दिशेने लावून रात्रभर वजनाखाली ठेवावा. चकत्या २५ मिमीच्या सात पुरतात, नेमक्या सहाच लागतात, एक हरवण्यासाठी. खुणांचे तुकडे सात. नदीतले खडे सहा-आठ, गुळगुळीत, सोंगटीपेक्षा लहान. सशाचे बारा पत्ते ३०० जीएसएम कागदावर. त्यावरची देवनागरी ११ पॉइंटच्या खाली नेऊ नये, रोमन ९ पॉइंटला वाचता येतं तिथे आपली जोडाक्षरं काळी ठिपकी होतात. खुणा पत्त्यावर छापण्यापेक्षा तुकडे कापून सोंगटीच्या खाचेत बसवाव्यात, कारण काळ्या डोमकावळ्यावर काळी खूण कोणाला दिसणार? तो डावाच्या सुरुवातीला पांढरट लाकडाचाच असावा.

आणि निखारा. लाल लाकडी मणी, ८ मिमीचा. तो झाडाच्या पोकळीत ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने उचलून किनाऱ्यावर आणायचा. सपाट पटावर मणी टिकत नाही, हात लागला की घरंगळून पाण्यात जातो. बाटलीचं बूच घेऊन त्याला काळा दोरा सात वेढे गुंडाळावा आणि पाणकोळीच्या सोंगटीच्या पाठीवर चिकटवावं. मणी त्यात बरोबर बसतो.